अक्काची बंद लोटी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी यायचंही काही वय असतं, हे अक्काबाईला सांगायची कुणाची छाती नव्हती. सहासष्टावं वर्ष लागलं होतं, नवरा जाऊन पाच वर्षं झाली होती, मुलगा सुरतेला गिरणीत चिकटला होता. तरी चैत्र सरत आला की ही बाई साक्रीहून एस.टी.त बसायची, सोनगीरच्या फाट्यावर उतरायची, आणि काखेत बोचकं मारून तांबट गल्लीत भावाच्या दारात उभी राहायची. माहेरवाशिणींसाठी निंबाला झोके टांगलेले असत. त्यातल्या एका झोक्यावर ती खुशाल बसायची. गल्लीतल्या पोरी तोंडाला पदर लावून हसल्या की म्हणायची, "हसा, हसा. तुम्ही म्हताऱ्या व्हशात तव्हय झोका बांधाले झाड तरी ऱ्हाई का?"

तिचा भाऊ पितांबर तिच्याहून सोळा वर्षांनी धाकटा. आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता. नव्यानेच सासरी गेलेल्या अक्काबाईने त्याला कडेवर घेऊन साक्रीला नेलं आणि सासूच्या डोळ्यांदेखत तीन वर्षं सांभाळलं. त्यामुळे पन्नाशीचा, मिशा पिकलेला, गल्लीत ज्याच्या हाताला नाव होतं असा हा तांबट, अक्का समोर आली की आपोआप हातोडा खाली ठेवायचा. तिच्यासमोर त्याला अजूनही आपलं नाक वाहत असल्यासारखं वाटे.

एकोणनव्वद सालच्या आखाजीला अक्का आली ती बोचक्यात एक लोटी घेऊन. चहा झाल्यावर तिने ती फडक्यातून सोडवली आणि ओट्यावर पितांबरच्या पुढ्यात ठेवली. मुठीपेक्षा जरा मोठी तांब्याची लोटी, मान बारीक, तोंडावर रुपयाएवढी गोल चकती बसवून कथलाच्या डाखाने, म्हणजे वितळवून लावलेल्या कथलाने, बंद केलेली. पितांबरने ती लहानपणापासून साक्रीच्या देव्हाऱ्यात पाहिली होती. अक्का एक्कावन्न साली सासू-सासरे आणि नवऱ्याबरोबर भुसावळहून गाडीत बसून काशीला गेली होती, तेव्हा तिथल्या घाटावर गंगा भरून, डोळ्यांसमोर डाख मारून आणलेल्या पाच लोट्यांतली ही एक. चार लोट्या यात्रेहून परतल्यावरच्या मावंद्याला फोडून गावाला तीर्थ वाटलं. पाचवी ठेवली तापीकाठच्या प्रकाशा गावासाठी.

आपल्या खान्देशात हे लहान पोरालाही ठाऊक असतं. काशी केली आणि प्रकाशाला जाऊन तापीची पूजा केली नाही, तर यात्रा अर्धीच. काशीची गंगा तापीत ओतायची, तेव्हा काशीचं पुण्य पदरात पडतं. आता काशी कुठे आणि प्रकाशा कुठे! तीन दिवसांची काशी झाली आणि एका दिवसाचं प्रकाशा राहून गेलं. आधी सासऱ्यांना अर्धांगवायू झाला, मग मुलगा झाला, मग दुकान वाढलं, मग सासू अंथरुणाला खिळली. जवळचं असंच राहतं. लांबच्याला माणूस मुहूर्त काढतो, जवळच्याला उद्या म्हणतो. असे अडतीस वर्षांचे उद्या त्या लोटीवर साचले होते.

"धुयानं डाक्टर म्हनस, दोन्ही डोयास्मा मोतीबिंदू शे," अक्का म्हणाली. "ऑपरेशन करी तव्हय करी. मना डोया धड शेतस तवलोंग माले तापी देखनी शे. प्रकाशाले चाल, पितांबर."

"चाल," पितांबर म्हणाला. त्याला दुसरं काही म्हणता आलं नसतं.

"आनि हाई लोटी घासी दे. वरथून घास. हालवू बिलवू नको."

झालं. यात्रा ठरली, म्हणजे गल्लीला काम मिळालं. तांबटाकडे कागद कुठला? पितांबरने घागरीच्या बुडाचा उरलेला पत्र्याचा तुकडा घेतला आणि त्यावर टोच्याने रस्ता ओरखडला. सोनगीर, चिमठाणे, दोंडाईचा, सारंगखेड्याचा पूल, शहादा, प्रकाशा. आडवी जाड रेघ तापीची, खालून तिला मिळणारी बारीक रेघ पांझरेची. देवळाच्या जागी एक एक ठोका मारला की छोटी खळी पडे. पहिल्या दिवशी त्यावर दोन खळ्या होत्या. दुसऱ्या दिवशी पितांबरची बायको कुंदाबाई म्हणाली, सारंगखेड्यावरून जायचं आणि दत्ताला पाठ दाखवायची, हे बरं दिसतं का? एक खळी वाढली. जीपवाला हिलाल भाडं ठरवायला आला आणि म्हणाला, अक्का, जरा वाकडी वाट केली तर मुडावद आहे, तिथे पांझरा तापीला मिळते, कपिलेश्वराचं देऊळ अगदी संगमावर आहे, ते टाळून गेलात तर तुम्हीच मला जन्मभर बोल लावाल. आणखी एक खळी. रिखबचंद शेठ पत्र्याचे गठ्ठे घेऊन आले होते. तांबट गल्लीला तांबं पुरवणारं हे मारवाडी घराणं तीन पिढ्यांचं. ते चष्मा वर करून म्हणाले, "पितांबरभाऊ, बळसाण्याची जुनी मंदिरं नाही पाहिली तर काय पाहिलं? दगडात काम आहे, दगडात!" बळसाणे प्रकाशाच्या रस्त्यावर नाही, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. शेठना जे आवडे ते त्यांच्या मते रस्त्यावरच असे.

चार दिवसांत पत्र्यावर अकरा खळ्या पडल्या. थाळनेरच्या नदीत कोसळत चाललेल्या किल्ल्यालाही कुणीतरी देव करून टाकलं. अक्का पत्रा डोळ्यांजवळ नेऊन बोटाने एकेक खळी चाचपायची आणि तिचा चेहरा असा व्हायचा, की जणू ती तिथे जाऊन आली. "इतला देव शेतस आपला नदीवर," ती हळूच म्हणायची. "आनि मी साक्रीमा बठेल व्हती." शेवटी हिलालनेच हिशेब मांडला की अकरा देवांना चार दिवस लागतील आणि त्याच्या जीपला पाचवा दिवस दवाखान्याचा. तेव्हा मुडावद, सारंगखेडा आणि प्रकाशा एवढंच ठरलं. बाकीचे देव समजूतदार आहेत, थांबतील, असं अक्काने जाहीर केलं.

लोटी घासायला पितांबर बसला तो जाण्याच्या दोन दिवस आधी, दुपारी, गल्ली जेवून लवंडलेली असताना. त्याने चिंचेचा कोळ लावला, राखेने घासलं, आणि धुऊन पुसताना सवयीने बोटाच्या पेराने एक टिचकी मारली.

लोटी वाजली.

आता हे तांबटाशिवाय कुणाला कळायचं नाही. भरलेलं भांडं मुकं असतं, त्यावर टिचकी मारली तर आवाज आतल्या आत बसतो. रिकामं भांडं बोलतं. ही लोटी खणखणीत बोलली. पितांबरच्या हाताला ती हलकी लागलीच होती, पण देवाची वस्तू, तिचं वजन काय करायचं, म्हणून त्याने मनावर घेतलं नव्हतं. त्याने पुन्हा टिचकी मारली. पुन्हा तोच आवाज. लोटीत गंगेचा थेंब नव्हता.

त्याने ती उन्हात धरली आणि तोंडावरचा डाख नीट पाहिला.  तो डाख काशीचा नव्हता. तो आबांचा होता.

आबा, म्हणजे त्याचा बाप तोताराम, जाऊन अकरा वर्षं झाली होती. तोताराम डावखुरा होता. डाख फिरवून आणला की शेवटी त्याचा हात उलट्या अंगाला ओढ घेई आणि तिथे कथलाची केसाएवढी शेपटी राही. आख्ख्या सोनगिरात अशी शेपटी दुसऱ्या कुणाच्या डाखाला नव्हती. आणि हा तोताराम कोण, तर घडवलेली प्रत्येक घागर भरून रात्रभर कोरड्या राखेवर ठेवणारा. सकाळी राखेत तिळाएवढा ओला डाग दिसला, तर ती घागर गिऱ्हाइकासमोर चेपून चपटी करणारा. पितांबर त्याच्या हाताखाली वीस वर्षं राबला, पण बापाच्या हाताकडे त्याने कधी बरोबरीच्या कारागिराने पाहावं तसं पाहिलं नाही. तो देवळात पाहावं तसं पाही.

म्हणून त्याने जो अर्थ लावला तो कुणाही तांबटाने लावला असता. काशीचा डाख कच्चा निघाला असणार, अक्काने लोटी आबांकडे आणली असणार, आबांनी नवा डाख मारला असणार, आणि तो पाझरला. अडतीस वर्षं देव्हाऱ्यात बसून गंगा थेंब थेंब उडून गेली, आणि ती आबांच्या हातून गेली. पाझरल्या जागी तांब्यावर हिरवा कळंक चढतो. इथे कळंक नव्हता. पितांबरने तेही पाहिलं, पण भीतीने भरलेल्या माणसाला जे बघायचं नसतं ते दिसूनही दिसत नाही.

अक्का आत झोपली होती. तिला काय सांगायचं? की तू जिची पूजा केलीस ती रिकामी होती? की तुझ्या बापाच्या हाताने तुझी काशी बुडाली? तिच्या डोळ्यांत आधीच धुकं उतरलंय, त्यात हे?  आणि मग त्याने ते केलं.

त्याने डाख तापवून चकती उचलली. आत कोरडं, स्वच्छ तांबं. मागच्या परसातल्या विहिरीचं पाणी काढलं, तीनदा गाळलं, लोटी काठोकाठ भरली, चकती बसवली आणि नवा डाख मारला. शेवटी मनगट उलटं वळवून आबांसारखी शेपटीही काढली. ती जरा जाड आली. लोटी त्याने रात्रभर राखेवर ठेवली. सकाळी राख कोरडी होती. बापाच्या नावावरचा डाग पुसला म्हणून त्याला बरं वाटलं, आणि आपण देवाच्या वस्तूत विहीर ओतली म्हणून घास गिळवेना. दोन्ही एकदम वाटत होतं. कुंदाबाईने विचारलं तर म्हणाला, उष्णता झालीय.

निघायच्या दिवशी लोटी त्याने टॉवेलात गुंडाळून स्वतःच्या पिशवीत घेतली. अक्काने हात पुढे केला तेव्हा म्हणाला, "ऱ्हाऊ दे, तुले गचका लागी, माजोडे ऱ्हाऊ दे." अक्काने त्याच्याकडे जरा पाहिलं आणि हात मागे घेतला. हिलालची जीप, पुढे हिलाल आणि पितांबर, मागे अक्का, कुंदाबाई आणि दशम्यांचा डबा.

मुडावदला पोचले तेव्हा उन्हं नुकती तापू लागली होती. वैशाखातली पांझरा ती, तिच्यात वाळू आणि गोटे याशिवाय काय असणार? धुळ्याहून सुकत सुकत आलेली. देवळाच्या बाजूने खाली उतरून अक्का त्या जागी उभी राहिली, जिथे कोरडं पात्र संपतं आणि तापीचं पाणी लागतं. तापीही अंग चोरून होती, पण पाणी होतं, संथ, हिरवट, पैलतीरापर्यंत चमकणारं. अक्काने कपाळावर हात धरून डोळे बारीक केले.  मग म्हणाली, "देख, पितांबर. कोरडी उनी, तरी घरमा लिधी तिले."

 पितांबर या संगमावर चार वेळा येऊन गेला होता. एकदा तर घागरी विकायला. त्याला इथे नेहमी एक देऊळ, दोन नद्या आणि ऊन दिसलं होतं. ज्या बाईला आता धड दिसत नव्हतं तिला कोरड्या आलेल्या पांझरेला घरात घेणारी तापी दिसली. त्याने पिशवी छातीशी धरली आणि तो कपिलेश्वराच्या गाभाऱ्यात जाऊन उगाच दोनदा डोकं टेकवून आला.

सारंगखेड्याला दत्ताचं दर्शन झालं, पुलावर जीप थांबवून अक्काने तापीत पैसा टाकला, आणि दुपार कलता कलता ते प्रकाशाला आले. केदारेश्वराचं काळ्या दगडाचं देऊळ, गाभाऱ्यात थंडावा, आणि बाहेर घाटाच्या पायऱ्या एकाखाली एक उतरत पाण्यात गेलेल्या. समोर गोमाई तापीला मिळते. काठावर पाच-सात माणसं, कुणाचे विधी चाललेले, कुणी नुसते बसलेले. अक्का एकेक पायरी पावलाने चाचपत उतरली. प्रत्येक पायरीला ती वाकून हात लावत होती. शेवटच्या कोरड्या पायरीवर ती बसली आणि पाण्याकडे बघून तिने दोन्ही हात जोडले. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते पितांबरला पुढे कधी कुणाला नीट सांगता आलं नाही. लहान मूल पहिल्यांदा हत्ती बघतं तसं काहीतरी, एवढंच तो म्हणे.

"दे," ती म्हणाली.

पितांबरने टॉवेल सोडला आणि लोटी तिच्या हातात दिली.

अक्काचा हात खाली गेला. रिकामं भांडं उचलायच्या बेताने पुढे केलेला तो हात होता, आणि त्यात वजन आलं. तिने लोटी दोन्ही हातांत धरली. ती कानाशी नेली आणि हलवली. आत पाणी डचमळलं.  ती पुन्हा पुन्हा हलवत राहिली, तेव्हा कुंदाबाई वरच्या पायरीवरून धावत खाली आली.

"हाई रिकामी व्हती," अक्का म्हणाली. "पितांबर, हाई सोया वरीसथीन रिकामी शे."

मग तिने सांगितलं. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं तिने त्या पायरीवर, सगळ्यांच्या देखत, नदीकडे बघत सांगितलं.

त्र्याहत्तरचा उन्हाळा, दुष्काळाचा. साक्रीच्या वेशीपाशी सरकारी रस्त्याचं काम चाललं होतं आणि डोंगराकडची माणसं तिथे खडी फोडत होती. तीन दिवस टँकर आला नव्हता. घरातले हंडे पालथे, सासू शेजारणीबरोबर टँकरची वाट बघायला नाक्यावर गेलेली. भर दुपारी कामावरच्या दोन बाया तिसरीला धरून अक्काच्या ओट्यावर आल्या. तिसरी तिथेच, ओट्याच्या सावलीत, बाळंत झाली. पोर रडलं. पोराच्या आईचे ओठ काळे पडले होते आणि ती एकच शब्द बोलत होती, पाणी. अक्का घरभर फिरली. मग ती देव्हाऱ्यापुढे उभी राहिली. मग तिने अडकित्ता घेतला आणि काशीचा डाख उचकटला.

"एक घोटमा पी गई," अक्का म्हणाली. "एक थेंब पोऱ्याना तोंडले लावा. दुसरा दिन सकायमा पोऱ्याले झोयीमा टाकीसन निंघी गई. जगनी का मरनी, माले माहीत नही. नाव बी ईचारं नही मी."

गंगा असते ती मरणाऱ्याच्या तोंडात घालायला. ती आपण जगणाऱ्याला पाजली. तीही तापीची ठेव, सासऱ्यांच्या नावाची. सासूला कळलं असतं तर तिने अन्न सोडलं असतं. म्हणून अक्का दुसऱ्याच दिवशी सोनगीरला आली. पितांबर तेव्हा पत्रा आणायला धुळ्याला गेला होता. आबा एकटे ओट्यावर होते. सगळं ऐकून त्यांनी लोटी ऐरणीशेजारी ठेवली. मग म्हणाले, बंद करून देतो. तुझी सासू ती हलवून बघणार नाही, देवाला कोण हलवतं? अक्का म्हणाली, थोडं पाणी तरी भरा. तेव्हा आबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिने मान खाली घातली. "रिकामी शे ते रिकामी ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "दुसरं पानी भरीसन तिले गंगा म्हनानं काम मना हातथीन व्हवाव नही."

"तव्हयपशी रोज फूल वाहस मी रिकामी लोटीले," अक्का म्हणाली. "पाप करं का पुन्य करं, माले समजनंच नही. म्हनीसन आठे उनू. तापीले रिकामी दाखाडसू, म्हनसू, माय, माफ कर. आनि आते..." तिने लोटी वर धरली. तिचे धुकाळलेले डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. काठावरच्या दोन-तीन माणसांनी ऐकलं होतं. त्यातल्या एका म्हाताऱ्याने लोटीला लांबूनच हात जोडले.

पितांबरला आता कळलं. आबांचा डाख पाझरला नव्हता. तो जन्मात पाझरला नव्हता. जे आबांनी पोटच्या पोरीसाठीही केलं नाही ते आपण केलं, वर त्यांची शेपटी काढून.

आणि तेवढ्यात अक्का त्याच्याकडे वळली. ती काही भोळी नव्हती. दोन दिवस लोटी तांबटाच्या घरी होती हे तिला सुचायला जरा उशीर झाला, इतकंच. तिचं हसू तसंच होतं, पण ते आता ओठांवर थांबलं होतं.

"पितांबर," ती म्हणाली. "तू उघाडी व्हती का?"

एक 'नही' म्हटलं असतं की झालं असतं. सोळा वर्षांची टोचणी त्याच क्षणी निघाली असती. ती डोळे मिटेपर्यंत सांगत राहिली असती, की तापीच्या काठी माझी गंगा परत आली. साक्रीत, सोनगिरात, सुरतेत ही गोष्ट पोचली असती आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. पितांबरची जीभ त्या शब्दापर्यंत गेली होती. कुंदाबाई नवऱ्याकडे बघत होती. विहिरीवर त्याला पाणी गाळताना तिने पाहिलं होतं, आणि तिचे डोळे सांगत होते की नाही म्हण.

"हा, अक्का," पितांबर म्हणाला. "मीच भरी."

"कोठलं पानी?"

"आपला घरनी विहीरनं."

"कसाले?"

पितांबरला रडू कोसळलं. पन्नाशीचा बाप्या, चारचौघांत. "माले वाटनं पाझरी गई. आबाना डाख पाझरना, आसं वाटनं माले. तुले दुख व्हई, आबानं नाव जाई..."

अक्का त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी हळूहळू उतरत गेलं, ते पितांबरने पाहिलं आणि मान खाली घातली. आपण तिच्या तोंडातला घास काढला हे त्याला कळत होतं. पाण्यावर ऊन हलत होतं. 

"आबाना डाख?" शेवटी अक्का म्हणाली. "पाझरी?" आणि तिने त्याच्या दंडावर एक चापट मारली, चांगली सणसणीत. "आबाना आंडोर शेस ना तू? इतला वरीस तेना हातखाले काम करं, आनि तुले आसं वाटनं? लाज नही वाटनी?" ती खरोखर चिडली होती. गेलेल्या चमत्काराबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. बापाच्या डाखावर घेतलेल्या संशयाबद्दल मात्र तिने त्याला घाटावर सगळ्यांसमोर झाडून काढला, आणि बोलता बोलताच कनवटीचा अडकित्ता काढून त्याच्या हातात दिला. "उघाड."

पितांबरने चकती उचकटली. अक्का लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेऊन पाण्यात उतरली. कुंदाबाईने धरायला हात दिला, तो तिने बाजूला केला. पाणी पोटऱ्यांना लागलं तिथे ती थांबली आणि घरातल्या वडीलधारीशी बोलावं तशी मोठ्याने बोलली.

"तापीमाय, काशीनी गंगा तुनी व्हती. ती मी एक तहान लागेल बाईले पाजी दिधी. हाई गंगा नही. हाई मना भाऊनी विहीरनं पानी शे. तुले चाली ते घे, नही ते मना नाववर ठेव."

आणि तिने लोटी उपडी केली.

काठावरचा तो म्हातारा उठून उभा राहिला होता. त्याने पुन्हा हात जोडले, या वेळी लोटीला नव्हे. पितांबरने आयुष्यात अनेक देवळं पाहिली, पुढेही पाहिली, बळसाण्याचं दगडातलं काम पाहिलं, रामेश्वर पाहिलं. पण माणसासमोर आपण किती लहान आहोत हे कळून छाती भरून यावी, तसं त्याला पुन्हा कुठे झालं नाही. चमत्कार हातात आला होता, तो खोटा निघाला, आणि ही बाई तसूभरही कमी झाली नव्हती. उलट ती आता नदीएवढी दिसत होती.

अक्का पायऱ्या चढून आली. लोटी तिने पदराने पुसली.

"घर गया का डाख मारी देस," पितांबर नाक ओढत म्हणाला. "आबासारखी. रिकामीच."

"आते डाख नको," अक्का म्हणाली. "मोकयी ऱ्हाऊ दे. भांडं शे ते, पानी पिवाले काम ई."

घाटाच्या वर, देवळाच्या भिंतीला लागून एक हातपंप होता. अक्काने हिलालला दांडा मारायला लावलं, लोटी खळखळून विसळली, भरली, आणि आधी पितांबरपुढे धरली.

"पी. सकायपशी तोंडमा पानी नही घेयल तू."

खरंच नव्हतं घेतलं. पाणी कोमट होतं आणि त्याला कथलाचा वास येत होता. पितांबरने लोटी तोंडाला लावली आणि खाली ठेवली नाही, ती पार रिकामी होईपर्यंत.